वाचकांचे प्रश्न : अझोल्याच्या पानातले बिऱ्हाड

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे पाणवनस्पती आणि त्यांच्या अंगाखांद्यावर राहणारे सूक्ष्मजीव यांच्याविषयीची निघाली. विषय एकच असल्यामुळे ती या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन गाई व एक म्हैस असून गोठ्यामागे अझोल्याचे दोन वाफे केले आहेत. अझोला हवेतला नत्र घेतो, म्हणून त्याला युरिया लागत नाही, असे प्रशिक्षणात सांगितले होते. आमच्या मेव्हण्यांचे म्हणणे असे, की नत्र अझोला घेतच नाही, त्याच्या पानात राहणारे शेवाळ घेते. यांतले खरे काय? आणि तसे असेल, तर जनावरांपुढे टाकण्याआधी आम्ही अझोला तीन पाण्यांतून खळबळून काढतो, त्यात ते शेवाळ वाहून जात नाही का?
— एक पशुपालक, सिन्नर तालुका

उत्तर : मेव्हण्यांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ‘शेवाळ’ या शब्दाला थोडी दुरुस्ती हवी. अझोला ही नेच्यांच्या गटातली, पाण्यावर तरंगणारी वनस्पती आहे आणि तिच्या पानात राहतो तो नॉस्टॉक अझोली नावाचा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करू शकणारा जीवाणू. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव ॲनाबीना अझोली असे सापडते आणि शेतीविषयक माहितीपत्रकांत ‘निळे-हिरवे शेवाळ’ हा शब्द अजून चालतो. पण खऱ्या शेवाळाच्या पेशीत केंद्रक असते, याच्या पेशीत ते नसते. हवेतील नत्राच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडून अमोनिया बनवणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) कोणत्याही वनस्पतीपाशी नाही, ते काही सूक्ष्मजीवांपाशीच असते. तेव्हा ‘अझोला नत्र घेतो’ असे म्हणणे म्हणजे ‘त्या घराने स्वयंपाक केला’ असे म्हणण्यासारखे आहे. स्वयंपाक त्या घरात झाला हे खरे, परंतु चुलीपाशी एकच माणूस बसला होता.

धुण्याची काळजी मात्र सोडून द्यावी. अझोल्याचे प्रत्येक पान दोन पाळ्यांचे असते. खालची पाळी पातळ व जवळजवळ रंगहीन असून ती पाण्याला टेकलेली असते. वरची पाळी जाड, हिरवी असते आणि तिच्या पोटात एक पोकळी असते. या पोकळीच्या कडेने, चिकट द्रवात, नॉस्टॉकच्या माळा पसरलेल्या असतात. वरून कितीही पाणी ओतले तरी त्या आतच राहतात, त्यामुळे शेणाचा वास घालवण्यासाठी आपण जे धुणे करता ते तसेच चालू ठेवावे.

जवळच्या शाळेत किंवा महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असेल तर हे बिऱ्हाड प्रत्यक्ष पाहता येते, आणि ते पाहावेच असा माझा आग्रह आहे. चिमट्याने मधल्या भागातले एक पान तोडून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावे, वर आच्छादन काच ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच दाबावे. पोकळी फुटते आणि तिच्यातून निळसर हिरव्या मण्यांच्या माळा बाहेर ओघळतात. चारशे पट मोठे करून पाहिले की माळेत मधूनमधून एखादा मणी बाकीच्यांहून थोराड, फिकट आणि जाड भिंतीचा दिसतो. त्याला हेटेरोसिस्ट म्हणतात आणि नत्राचे सारे काम त्याच्यात चालते. नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते आणि प्रकाशसंश्लेषणात तर प्राणवायूच बाहेर पडतो. ही दोन कामे एका पेशीत जमत नाहीत, म्हणून हेटेरोसिस्ट प्राणवायू तयार करण्याचे काम बंद ठेवून जाड भिंतीआड बसतो आणि लागणारी साखर शेजारच्या पेशींकडून घेतो. उघड्या पाण्यात राहणाऱ्या याच्या भाऊबंदांच्या माळेत शंभरातल्या पाच ते दहा पेशी अशा असतात. अझोल्याच्या जून पानात हेच प्रमाण वीस ते तीसपर्यंत जाते. अगदी शेंड्याचे कोवळे पान दाबून पाहिलेत तर तेथे हेटेरोसिस्ट जवळजवळ सापडत नाहीत. पान वाढत जाते तसतसे ते वाढत जातात. म्हणजे भाडेकरूने किती काम करायचे हे पान बरेचसे ठरवते. तयार झालेल्या अमोनियाचा मोठा भाग पोकळीतले वनस्पतीचे केस शोषून घेतात व बदल्यात वनस्पती साखर पुरवते.

हा भाडेकरू पिढीजात आहे. वाफ्यात अझोला तुकडे होऊन वाढतो तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या शेंड्याशी नॉस्टॉकची थोडी वसाहत असतेच. आणि अझोला बीजाणू धरतो तेव्हा मादी बीजाणूच्या टोपीखाली नॉस्टॉकच्या काही पेशी झोपी गेल्यासारख्या बसतात व कोंब फुटला की त्याच्या शेंड्यावर चढतात. द्विदल पिकांचे तसे नाही. हरभऱ्याच्या प्रत्येक नव्या रोपाला रायझोबियम हा मुळांच्या गाठींत राहून नत्र पुरवणारा जीवाणू मातीतून नव्याने मिळवावा लागतो. २०१० साली नॉस्टॉक अझोलीच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील सुमारे तीस टक्के जनुके मोडक्या, निकामी अवस्थेत सापडली. बाहेर एकट्याने जगायला लागणारी हत्यारे गंजून गेली आहेत, नत्राची तेवढी शाबूत आहेत. माहेर तुटलेल्या अशा जीवाणूला पानाबाहेर ठाव नाही.

प्रश्न : शेडनेट न लावता केलेला आमचा अझोल्याचा वाफा फेब्रुवारीत लालबुंद झाला व वाढ थांबली. दुकानदाराने मूठभर युरिया टाकायला सांगितला. टाकावा का?
— सांगोला

उत्तर : टाकू नये. अझोला लाल पडतो तो बहुधा तीन कारणांनी : कडक ऊन, रात्रीची थंडी आणि स्फुरदाची (फॉस्फरसची) उणीव. फेब्रुवारीत सांगोल्याकडे दिवसा ऊन कडक आणि पहाटे गारवा असतो, आणि वाफा जुना असल्यास तिसरे कारणही जोडीला असणार. नत्राची टंचाई हे येथे कारण असण्याचा संभव सर्वांत कमी, कारण नत्राचा कारखाना पानातच आहे. परंतु त्या कारखान्याला इंधन भरपूर लागते. नत्राचा एक रेणू फोडून अमोनिया करायला एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात आणि एटीपीच्या नावातच फॉस्फेट आहे. म्हणून वाफ्याला सिंगल सुपर फॉस्फेट देतात, युरिया नाही. सर्वसाधारण शिफारस अशी, की दोन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यात दर पाच दिवसांनी एक किलो ताजे शेण व वीस ग्रॅम सुपर फॉस्फेट कालवून टाकावे, दर दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलावे आणि महिन्यातून एकदा पाच किलो माती बदलावी. युरियाने दुहेरी नुकसान होते. पाण्यात तयार नत्र मिळू लागला की पानातल्या भाडेकरूचे काम मंदावते, आणि वाफ्यातले खरे शेवाळ, जे आतापर्यंत नत्रावाचून उपाशी होते, ते फोफावून अझोल्यावर चढते. दुकानदाराचा हेतू चांगला असेल. युरियाचे पोते त्याच्या हाताशी असते एवढेच. आधी सावली करा, सुपर फॉस्फेट द्या, लाल झालेल्यातला निम्मा अझोला काढून गर्दी कमी करा. नवी हिरवी पालवी दिसू लागली की रोग नव्हता हे आपल्याला कळेल.

प्रश्न : आम्ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत. प्रकल्पासाठी तळ्यातले डकवीड आणून, जीवाणूंशिवाय ते जगते का, हे पाहायचे आहे. आमच्या सरांच्या मते सहजीवन असेल तर जोडीदार काढताच वनस्पती मरायला हवी. हे खरे मानावे का?
— दोन विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सरांची क्षमा मागून मतभेद नोंदवतो. टिकलीएवढ्या पानांचे डकवीड, म्हणजे लेम्ना, विरंजक (ब्लीच) द्रावणात थोडा वेळ बुडवून, निर्जंतुक केलेल्या क्षारद्रावणात वर्षानुवर्षे वाढवता येते आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते तसे वाढवलेही जाते. रसायनांची विषारीपणाची चाचणी अशाच लेम्नावर घेतात. ते मरत नाही. पण ‘मरत नाही’ आणि ‘काही फरक पडत नाही’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जपानमधील होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी वनस्पती-उद्यानातील डकवीडच्या मुळांवरून ॲसिनेटोबॅक्टर कॅल्कोॲसेटिकसचा पी-२३ हा वाण वेगळा काढला. निर्जंतुक डकवीडवर तो पुन्हा बसवला तेव्हा झाडाची वाढ ठळकपणे वाढली, आणि पाण्यातले फिनॉल हा जीवाणू खाऊन टाकत असल्याने झाडाला त्या विषापासून आडोसाही मिळाला. जीवाणूला काय मिळाले? बसायला जागा, मुळातून झिरपणारे अन्न आणि श्वासाला प्राणवायू. २०१० साली हे काम प्रसिद्ध झाले.

अझोला आणि डकवीड एकाच डबक्यात शेजारी तरंगताना दिसतात, म्हणून दोघांचे सहजीवन सारख्या जातीचे मानण्याचा मोह होतो. अझोल्याचे बिऱ्हाड घरात आहे आणि वारसाहक्काने आलेले आहे. डकवीडचे ओसरीवर आहे व दर पावसाळ्यात नवे येते. प्रयोगशाळेत अझोल्यातूनही नॉस्टॉक काढून टाकता येतो, पण मग त्या अझोल्याला पाण्यातून नत्र द्यावा लागतो, नाहीतर तो खुरटतो. तुमच्या प्रकल्पात म्हणूनच ‘जगले की मेले’ असा रकाना ठेवू नका. तीन भांडी करा : एकात निर्जंतुक केलेले डकवीड निर्जंतुक द्रावणात, दुसऱ्यात निर्जंतुक केलेलेच डकवीड परंतु तळ्याचे थोडे पाणी घातलेल्या द्रावणात, तिसऱ्यात निर्जंतुक डकवीड आणि तळ्याचे तेवढेच पाणी उकळून घातलेले द्रावण. दर दिवसाआड पाने मोजा. तिसरे भांडे विसरलात तर दुसऱ्या भांड्यातली वाढ जीवाणूंमुळे झाली की तळ्याच्या पाण्यातल्या क्षारांमुळे, हे परीक्षकाने विचारल्यावर सांगता येणार नाही. विरंजकाचे द्रावण फार तीव्र झाले तर पाने पांढरी पडून मरतात आणि चुकून सरांचे म्हणणे सिद्ध झाल्यासारखे दिसते, तेवढे सांभाळा.

प्रश्न : समुद्रातल्या गवतालाही असा नत्र पुरवणारा जीवाणू असतो का?
— मालवण

उत्तर : असतो; निदान एकाचा पक्का पुरावा आहे. भूमध्य समुद्रातील पॉसिडोनिया या सागरी गवताच्या मुळांच्या आत राहून नत्र स्थिर करणारा जीवाणू इटलीच्या एल्बा बेटाजवळच्या नमुन्यांत सापडला व २०२१ साली ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. सेलेरिनॅटँटिमोनास नेपच्युना असे त्याचे लांबलचक नाव आहे. सागरी गवते ही मूळची जमिनीवरची सपुष्प कुळे, जी पुढे समुद्रात उतरली. तेथे त्यांना रायझोबियम मिळाला नाही, वेगळाच जोडीदार मिळाला. पॉसिडोनिया आपल्या किनाऱ्यावर होत नाही. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत चिखलावर जे आखूड हिरवे गवत दिसते ते हॅलोफिला या वेगळ्या वंशातले असते, तेव्हा ही माहिती त्याला तशीच लावू नये.

प्रश्न : आमच्या गृहसंस्थेत सांडपाण्यासाठी खडीचा लांब हौद करून त्यात कर्दळ व पाणकणीस लावले आहे. वर्षभर पाणी चांगले येत होते. दिवाळीपूर्वी नव्या देखभाल कंत्राटदाराने झाडे उपटून मुळांवरचा ‘गंज’ घासून काढला, खडी ब्लीचिंग पावडरने धुऊन परत भरली आणि तीच झाडे पुन्हा लावली. तेव्हापासून बाहेर येणाऱ्या पाण्याला वास येतो. झाडे तर तीच आहेत आणि हिरवीगार आहेत. मग बिघडले काय?
— पुणे

उत्तर : झाडे राहिली, कामगार गेले. हा हौद पाहणाऱ्याला बाग वाटतो आणि त्यातूनच हा घोटाळा होतो. सांडपाण्यातील घाण कर्दळ शोषून घेते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः झाडाने स्वतः उचललेला हिस्सा बऱ्याच हौदांत थोडाच असतो. मोठे काम खडीवर आणि मुळांवर वाढलेला बुळबुळीत जीवाणूंचा थर करतो, तोच थर जो आपल्या कंत्राटदाराने स्वच्छतेच्या भावनेने धुऊन काढला.

मुळांवरचा तो ‘गंज’ समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यातच या जोडीचे मर्म आहे, आणि तो खरोखरच एका अर्थाने गंज आहे. पाण्याने भरलेल्या खडीत किंवा तळ्याच्या काळ्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे मूळ गुदमरून मरायला हवे. पाणवनस्पतींनी यावर उपाय केला आहे तो खोडातून मुळापर्यंत गेलेल्या हवेच्या नळ्यांचा. कमळकाकडी आडवी कापली की जी भोके दिसतात, ती याच नळ्यांची. पाणकणसाचे पान कापून पाहिले तर तेथेही स्पंजासारखे कप्पे दिसतील. या नळ्यांतून खाली आलेला प्राणवायू मुळाच्या टोकाशी थोडा थोडा बाहेर झिरपतो. गाळातले लोह प्राणवायूवाचून पाण्यात विरघळलेले असते. मुळाजवळ त्याला प्राणवायू भेटतो आणि त्याचा तांबूस न विरघळणारा ऑक्साइड मुळावर बसतो. या कामात लोहावर जगणारे जीवाणूही भाग घेतात, पाणकणसाच्या मुळांवर ते सापडलेले आहेत. कोकणातल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. लावणीनंतर भाताचे रोप उपटले तर टोके पांढरी आणि मागची मुळे तांबूस दिसतात, आणि मुळे काळी पडून सडक्या अंड्यांचा वास आला की खाचरातले पाणी काढायची वेळ झाली हे शेतकरी ओळखतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे जीवाणू तो तयार करतात व मुळांना तो विषारी असतो. तांबूस थर दिसणे म्हणजे मुळाभोवती अजून हवा खेळते आहे, असे समजावे.

याच झिरपणाऱ्या हवेवर आपल्या हौदाचे काम चालते. मुळाला चिकटून असलेल्या पातळ पट्ट्यात प्राणवायू असतो. तेथे एक जातीचे जीवाणू सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. दोन-चार मिलिमीटर पलीकडे प्राणवायू संपतो. तेथे तिसरी मंडळी श्वासासाठी प्राणवायूऐवजी ते नायट्रेट वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत परत जातो. अझोल्याच्या पानात जे घडते त्याची ही उलटी वाट आहे : तेथे हवेतला नत्र वनस्पतीच्या पदरात पडतो, येथे पाण्यातला नत्र हवेत सोडला जातो. दोन्ही वाटांवर वनस्पती जागा व अन्न देते, रसायन जीवाणू करतात. मुळे मिथेन खाणाऱ्या जीवाणूंनाही असाच प्राणवायू पुरवतात, मात्र त्याच नळ्यांतून चिखलातला मिथेन वरही निसटतो, म्हणून भातखाचरांतून हवेत जाणाऱ्या मिथेनचा बहुतांश भाग रोपांच्या आतून जातो. पाणवनस्पतींच्या सहजीवनाची सगळीच फळे गोड असतात असे कोणी समजू नये.

आता उपाय. ब्लीचिंग पावडरचा अंश गेला असेल, म्हणजे नवे थर बसायला आता अडचण नाही, फक्त वेळ लागेल. नत्राचे काम करणारे जीवाणू संथ वाढतात, तेव्हा काही आठवडे ते दोन-तीन महिने धरून चला, थंडीत अधिक. जवळपास असाच चालू स्थितीतला हौद असेल तर तेथील घमेलेभर खडी, न धुता, ओलीच आणून आपल्या हौदाच्या तोंडाशी पसरा. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड या अशाच हौदांच्या पद्धतीचे प्रकल्प महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहेत. त्यांपैकी एखाद्याच्या व्यवस्थापकांना विचारायला हरकत नाही. तोपर्यंत हौदात येणारे सांडपाणी शक्य असेल तर निम्म्यावर आणा, आणि संडास-मोऱ्यांत ॲसिड व फिनाइल ओतण्याचा उत्साह सभासदांनी आवरावा, कारण ते सारे शेवटी याच थरावर येऊन पडते. पहिला शुभशकुन म्हणून पाण्याचा वास कमी होण्याची वाट पाहण्यापेक्षा महिन्याने हौदाच्या कडेचे एक पाणकणीस हलक्या हाताने उचलून पाहा. मुळांवर पुन्हा तांबूस चढू लागला असेल तर ते रोप होते तेथेच परत ठेवा, आणि कंत्राटदाराला घासणी हातात घेऊ देऊ नका.